कीर्द आहे, खतावणी नाही

नगर जिल्ह्यात (सरकारी दप्तरात आता अहिल्यानगर, एस.टी.च्या वाहकाच्या तोंडी मात्र अद्याप नगरच) महाविद्यालयांची वाण आता राहिलेली नाही. 1947 साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेजची स्थापना केली, त्या काळी मॅट्रिकच्या पलीकडे शिकू पाहणाऱ्या येथील मुलाला पुण्याची वाट धरण्यावाचून बहुधा गत्यंतर नसे. आणि पुण्याच्या खाणावळीचा खर्च सोसण्याइतकी ज्याच्या घरची ऐपत नसे, त्याचे शिक्षण तेथेच खुंटत असे. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने, सहकारी साखर कारखानदारीच्या आश्रयाने वाढलेल्या संस्थांनी आणि ठिकठिकाणच्या शिक्षणप्रेमी मंडळींनी ही उणीव हळूहळू भरून काढली. 1961 साली संगमनेरास महाविद्यालय निघाले, 1968 साली राहुरीस कृषी विद्यापीठ उभे राहिले, आणि आज अकोले तालुक्यातील आदिवासी पाड्यावरची मुलगी काय किंवा पाथर्डीकडील ऊसतोड कामगाराचा मुलगा काय, एस.टी.चा पास खिशात घालून पदवीच्या वर्गात येऊन बसू शकतो. ज्या पिढीने हे घडवून आणले तिच्या ऋणात आपण सर्वजण आहोत, यात संशय नाही.

परंतु वर्गात येऊन बसलेल्या या विद्यार्थ्याला आपण सर्व काही देऊ करतो (प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह, ओळखपत्र, स्नेहसंमेलन) आणि अभ्यास कसा करावा, ही एक गोष्ट तेवढी त्याला कोणी सांगत नाही. ती त्याला आपोआप येत असावी, असे प्राध्यापक गृहीत धरतात. ती प्राध्यापक शिकवीत असावेत, असे पालक गृहीत धरतात. आणि विद्यार्थी बिचारा शेजाऱ्याकडे पाहून जे जमेल ते करतो. शेजाऱ्यालाही ती कोणी शिकविलेली नसते, हे निराळे सांगावयास नको.

हे लिहिताना अशा एका विद्यार्थ्याची वही माझ्यापुढे आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, वर नाव व विषय सुबक अक्षरांत घातलेले. पहिल्या दहा-बारा पानांवर हस्ताक्षर मोत्यासारखे असून ‘प्रस्तावना’, ‘व्याख्या’, ‘वैशिष्ट्ये’, ‘महत्त्व’, ‘मर्यादा’ अशी शीर्षके पट्टीने अधोरेखित केलेली आहेत. त्यापुढे अक्षर उतरत्या क्रमाने बिघडत जाते, आणि मग एकाएकी कोरी पाने लागतात. त्या कोऱ्या पानांत घडी घालून खोचलेले झेरॉक्सचे कागद आहेत. त्यांवरील अक्षर दुसऱ्याच कोणाचे आहे, बहुधा मागील वर्षीच्या एखाद्या हुशार मुलीचे. आणि झेरॉक्सवरून झेरॉक्स काढीत आल्यामुळे प्रत्येक ओळीतील शेवटचा शब्द कडेला अर्धवट कापला गेला आहे. वहीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तांबड्या रेघेच्या डावीकडचा समास मात्र निष्कलंक कोरा आहे. ज्या विद्यार्थ्याची ही वही, तो आळशी नाही. पहाटे गोठ्यातले काम उरकून, दोन गाड्या बदलून तो वर्गात येतो. त्याने जे जे सांगितले गेले ते ते उतरवून घेतले, आणि उतरवून घेणे म्हणजेच अभ्यास, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.

ही समजूत त्याच्या मनात कोणी रुजविली? मोबाईलकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे आहे. फळ्यावरील आकृतीचे छायाचित्र काढायचे, ते लग्नाच्या वरातीच्या आणि गणपतीच्या छायाचित्रांमध्ये कोठेतरी जाऊन पडायचे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री शोधूनही सापडायचे नाही, हा प्रकार आता इतका सर्वसाधारण झाला आहे की, त्याचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे. परंतु मोबाईल येण्यापूर्वी गाईडे होती, ‘अपेक्षित’ प्रश्नसंच होते, आणि त्यांच्याही पूर्वीपासून आपल्या वर्गांत एक प्रथा दृढमूल होऊन बसली आहे: प्राध्यापकांनी स्वतःचे वर्षानुवर्षांचे टाचण हाती धरून संथ स्वरात सांगत जावे, ‘स्वल्पविराम’, ‘अवतरण पूर्ण’, ‘पुढील परिच्छेद’ असे मध्ये मध्ये उच्चारावे, आणि साठ-सत्तर माना खाली घालून साठ-सत्तर लेखण्या चालाव्यात. या तासाला शांतता फार उत्तम असते. प्राचार्य व्हरांड्यातून जाताना समाधान पावतात. विद्यार्थीही समाधानी असतात, कारण पाने भरतात. फक्त सांगितलेले प्राध्यापकांच्या कागदावरून विद्यार्थ्यांच्या कागदावर जाताना मधल्या कोणत्याही डोक्यात थांबत नाही.

नगरच्या आडतेबाजारात अजूनही जुन्या पद्धतीने हिशेब ठेवणारा एखादा दिवाणजी आढळतो. दिवसभर जो जो व्यवहार होईल तो तो त्याच क्रमाने कीर्दीत टिपून ठेवणे, हे त्याचे पहिले काम. आणि संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, त्या रोजकीर्दीतील एकेक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन खतावणी तयार करणे, येणे-देणे ताडून पाहणे, शिल्लक जुळते की नाही याची रुजुवात घेणे, हे दुसरे. पहिल्या कामाला हात लागतो, दुसऱ्याला अक्कल. कीर्द कितीही सुवाच्य असली तरी अमक्या शेतकऱ्याचे आपणाकडे किती निघते, हे तिच्यावरून एकदम सांगता येत नाही. ते खतावणीवरूनच सांगता येते. आमच्या विद्यार्थ्याच्या वहीत, झाली तर, कीर्द आहे. खतावणी मुळीच नाही. आणि ज्याने दुसऱ्याच्या टिपणाची झेरॉक्स घेतली, त्याची तर कीर्दसुद्धा परक्या दुकानाची आहे.

याविषयी आपणाला कोणाकडे शिकायला जाण्याची आवश्यकता नव्हती, ही यातील खरी खेदाची बाब. या जिल्ह्याच्या मातीत टिपणे घेण्याच्या कलेचा एक असा थोर आदर्श होऊन गेला आहे की, त्याच्या तोडीचे उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. तेराव्या शतकात गोदावरीकाठच्या सराळे गावचे म्हाइंभट हे मोठे व्युत्पन्न आणि आपल्या व्युत्पत्तीचा तितकाच अभिमान बाळगणारे पंडित होते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी डोमेग्रामी असताना त्यांच्याशी वाद करावा, या इराद्याने ते गेले आणि शिष्य होऊन राहिले. पुढे स्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर रिद्धपूरच्या वास्तव्यात स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य त्यांच्या लीळांचे स्मरण करीत असता, हे सारे आज ना उद्या विस्मृतीत जाईल ही जाणीव म्हाइंभटांना झाली, आणि त्यांनी लेखणी हाती घेतली. त्यातून शके 1200च्या, म्हणजे इ.स. 1278च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले, आणि मराठी गद्याचा पहिला चरित्रग्रंथ म्हणून त्याचा गौरव होतो. ग्रंथाच्या वाङ्मयीन थोरवीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष येथे म्हाइंभटांच्या कामाच्या रीतीकडे आहे.

ही रीत अशी. ज्या प्रसंगी जो भक्त प्रत्यक्ष हजर होता, त्याच्याकडे जावयाचे. त्याच्याकडून तो प्रसंग ऐकून लिहून घ्यावयाचा. आणि मग लिहिलेले नागदेवाचार्यांपुढे ठेवून त्याची शहानिशा करावयाची. एकाने एक सांगितले आणि दुसऱ्याने किंचित वेगळे सांगितले, तर त्यातील एक गुपचूप दडपून टाकावयाचे नाही. मतभेदाचीही नोंद राहू द्यावयाची. म्हणूनच या ग्रंथाच्या पोथ्यांत निरनिराळे पाठ त्यांच्या त्यांच्या सांगणाऱ्याच्या नावानिशी पुढे चालत आले, आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी 1978 साली प्रसिद्ध झालेली आपली प्रत संपादताना याच पाठभेदांच्या अरण्यातून वाट काढली. स्वतः मोठा पंडित असलेला मनुष्य साध्याभोळ्या भक्तांच्या दाराशी जाऊन ‘तुम्ही काय पाहिले, तुम्ही काय ऐकले’ असे विचारतो, त्यांच्याच बोलीत ते लिहून घेतो, आणि आपल्या पांडित्याची छाप त्यावर पडू देत नाही, यात जो विनय आणि जी शिस्त आहे, ती आजच्या संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात, तो कितीही श्रेयांकांचा असो, क्वचितच दृष्टीस पडते.

परंतु कथा येथे संपत नाही, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिचा पुढचा भागच अधिक मोलाचा आहे. म्हाइंभटांनी जमविले त्यातून महानुभाव पंथातीलच केसोबासांनी स्वामींची तत्त्वविषयक वचने वेचून वेगळी काढली, आणि ‘सूत्रपाठ’ तयार झाला. जमविलेले विषयवार लावणे म्हणजे काय, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने तो पाहावा. त्यापुढे जाऊन त्यांनी ‘दृष्टांतपाठ’ रचला. त्यात 114 दृष्टांत असून प्रत्येकाची मांडणी तीन अंगांची आहे: आधी सूत्र, मग ते स्पष्ट करणारा दृष्टांत, आणि शेवटी त्या दृष्टांताचा सूत्राशी मेळ घालून दाखविणारे दार्ष्टांतिक. यातील सूत्र आणि दृष्टांत हे स्वामींचे. दार्ष्टांतिक मात्र केसोबासांचे स्वतःचे. केसोबासांनी स्वामींचे शब्द जसेच्या तसे ठेवले, त्यांना हात लावला नाही. आणि त्यांच्याखाली आपल्याला त्यातून काय समजले, ते आपल्या शब्दांत लिहिले. सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी चांगल्या टिपणवहीची याहून सुटसुटीत व्याख्या मला अद्याप कोठे आढळलेली नाही.

हे आजच्या वर्गात कसे उतरावयाचे, असे कोणी विचारील, तर अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षातील एक साधा धडा घ्या. मागणीचा नियम चालला आहे: इतर परिस्थिती कायम असता, वस्तूची किंमत वाढली की तिची मागणी घटते. विद्यार्थ्याने एवढे एक वाक्य आणि फळ्यावरची डावीकडून उजवीकडे उतरणारी वक्ररेषा वहीत घेतली. हे झाले सूत्र. प्राध्यापकांनी उदाहरण चहा-कॉफीचे दिले, ते त्याने दोन शब्दांत टिपले. मग त्या कोऱ्या समासात त्याने लिहिले: ‘घोडेगावच्या बाजारात कांदा कडाडला तरी आमच्या घरात येतोच. मग नियम खोटा काय?’ पुढील आठवड्यात मागणीची लवचीकता शिकवून झाली, तेव्हा तो मागे वळला आणि त्याच समासात त्या प्रश्नाखाली लिहून गेला: ‘नियम खरा, कांद्याच्या मागणीची लवचीकता कमी, कारण पर्याय नाही व खर्चातला वाटा लहान.’ या दोन ओळी कोणत्याही गाईडात नाहीत, आणि परीक्षेत प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी हा विद्यार्थी डगमगणार नाही, कारण त्या ओळी त्याच्या स्वतःच्या शंकेतून जन्मल्या आहेत.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना अभ्यासपद्धती शिकविणारे वॉल्टर पॉक यांनी नेमकी हीच गोष्ट पान आखून सांगितली. 1962 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातील पद्धत अशी की, पानाच्या उजवीकडच्या रुंद भागात तासाला टिपणे घ्यावीत, तास संपल्यावर डाव्या अरुंद पट्टीत त्या टिपणांवरून निघणारे प्रश्न व सूचक शब्द लिहावेत, पानाच्या तळाशी सारांश द्यावा, आणि पुढे उजळणी करताना उजवीकडचा भाग हाताने झाकून केवळ डावीकडच्या प्रश्नांवरून उत्तर आठवून पाहावे. आपल्या वहीत ही डावी पट्टी छापखान्यानेच आखून दिलेली असते, तिला वेगळे पैसेही पडत नाहीत. आणि आपण लहानपणापासून मुलांना बजावीत आलो की, समासात काही लिहू नका, वही घाण होते.

झाकून आठवून पाहण्याच्या या शेवटच्या सूचनेचे महत्त्व प्रयोगानेही सिद्ध झालेले आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली दाखवून दिले होते की, पाठ केलेल्यापैकी फार मोठा भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो आणि त्यापुढे विस्मृतीचा वेग मंदावतो. त्यावरून तासाला घेतलेल्या टिपणाकडे त्याच संध्याकाळी पाहणे हे परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जागरणापेक्षा कितीतरी फलदायी का, हे उघड होते. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचावयास लावला आणि दुसऱ्याला तो न पाहता आठवून लिहावयास लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले, परंतु आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. पुन्हा वाचल्याने आपणाला येते असे वाटते, आणि न पाहता लिहून पाहिल्याने काय येत नाही ते कळते. पहिले सुखाचे आहे, दुसरे उपयोगाचे. हाताने लिहावे की संगणकावर, याविषयी मात्र आग्रह धरण्याचे कारण नाही. संगणकावर टिपणारे विद्यार्थी बोललेले शब्दशः उतरवितात व त्यामुळे समजण्यात मागे पडतात, असा निष्कर्ष 2014 साली बराच गाजला. पुढे तोच प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा तो तितका स्पष्ट निघाला नाही. शब्दशः उतरविणे कागदावरही करता येते, आणि आमची मुले ते रोज करीतच आहेत.

येथे पाठांतराच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण हल्ली पाठांतराची टवाळी करणे हे पुरोगामित्वाचे लक्षण समजले जाते. महानुभाव परंपरा सांगते की, परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची पोथी हरवली, आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा लिहिली गेली; तीव्र स्मरणशक्तीच्या हिराइसेच्या नावाचा पाठ त्यांपैकीच एक. समजून केलेले पाठांतर हे असे संकटकाळी उपयोगी पडते. घोकंपट्टी निराळी, ती परीक्षागृहाच्या दारापर्यंतही पुरत नाही.

आणि नकलेवरून नक्कल करण्याचे काय होते, तेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. शके 1212मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशास ज्ञानेश्वरमहाराजांनी गीतेचे विवरण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. पुढे पावणेतीनशे-तीनशे वर्षे त्या ग्रंथाच्या नकलांवरून नकला होत गेल्या, आणि प्रत्येक नकलेगणिक थोडी थोडी भेसळ शिरत गेली. ती इतकी की, 1584 साली एकनाथमहाराजांना अनेक प्रती समोर ठेवून पाठशुद्धीचे कष्ट घ्यावे लागले. भक्तिभावाने केलेल्या नकलांची जर ही गत, तर घाईत काढलेल्या झेरॉक्सच्या झेरॉक्सची काय असेल! मागील वर्षीच्या टिपणातील एखादे चुकीचे सन एका वर्गातून दुसऱ्या वर्गात वर्षानुवर्षे कसे प्रवास करते, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकास विचारा. एकाच गठ्ठ्यातील वीस उत्तरपत्रिकांत तीच एक चूक पाहून त्यांनी कपाळाला हात लावलेला असतो.

अभ्यासाला निवांतपणा लागतो आणि तो आमच्या मुलांना नाही, हा आक्षेप येथे येईल, आणि तो गंभीर आहे. नगरच्या भुईकोट किल्ल्यात 9 ऑगस्ट 1942 रोजी पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा नेत्यांना ठेवण्यात आले, आणि त्या बंदिवासाचे एक लहानसे विद्यापीठच होऊन गेले, हे सर्वश्रुत आहे. मौलाना आझाद पहाटे उठून, स्वतःच्या हाताने चहा करून लिहावयास बसत, आणि त्यातून ‘गुबार-ए-खातिर’ची पत्रे निर्माण झाली, आचार्य नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानात बुडालेले असत, आणि पंडित नेहरूंनी 1944च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’चे हस्तलिखित पुरे केले. पाच महिन्यांत एवढा ग्रंथ, याचे लोकांना नवल वाटते. परंतु त्यामागे दशका-दीड दशकाची सवय होती. तुरुंगात पुस्तके जवळ बाळगता येत नाहीत म्हणून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची टिपणे वहीत काढून ठेवण्याचा नेहरूंचा परिपाठ जुना होता; मुलीला लिहिलेल्या ऐतिहासिक पत्रांच्या वेळी, संदर्भग्रंथ हाताशी नसताना, याच वह्या त्यांच्या कामी आल्या. निवांतपणा त्यांना सरकारने दिला, हे खरे. टिपणवहीची सवय त्यांनी स्वतः लावून घेतली होती.

आमच्या विद्यार्थ्याला सरकारने निवांतपणा दिलेला नाही. सकाळची गाडी चुकली तर पहिला तास बुडतो, आणि शेवटच्या तासाला बसले तर गावाकडची गाडी चुकते; मुलींना घरी पोहोचताच चुलीपुढे उभे राहावे लागते, आणि कापणी-काढणीच्या दिवसांत वर्ग निम्मे ओस पडतात. ‘कमवा आणि शिका’ योजनेतील मुले तर तासांच्या आधी आणि नंतर राबतच असतात. त्यांना रोज चार तास अभ्यास करा असे सांगणे हा निर्दयपणा होईल. परंतु नेमके त्यांच्यासाठीच मी हे लिहीत आहे. कारण ज्याच्यापाशी वेळ भरपूर आहे तो भोंगळपणे अभ्यास करूनही तरून जाईल, ज्याच्यापाशी थोडा आहे त्याला पद्धतीवाचून दुसरा आधार नाही. नगरहून पाथर्डीला परतणाऱ्या गाडीत, उभे राहूनदेखील, आज काय शिकविले ते न पाहता मनाशी आठवता येते. घरी गेल्यावर दहा मिनिटांत समासात दोन प्रश्न लिहिता येतात. याला मेज लागत नाही की स्वतंत्र खोली लागत नाही.

खरी अडचण वेळेची नाही, ती भाषेची आहे, आणि तिच्याविषयी आपण सर्वजण संकोचाने मौन पाळतो. दहावीपर्यंत, पुष्कळदा बारावीपर्यंत, मराठीतून शिकलेला मुलगा विज्ञान वा वाणिज्य शाखेत एकाएकी इंग्रजी व्याख्यानापुढे येऊन बसतो. त्याला बोलणे नीट कळत नाही. कळत नाही ते आपल्या शब्दांत कसे लिहिणार? मग जे कानावर पडेल ते अक्षरशः उतरविणे, किंवा तेही न जमल्यास कोणाचे तरी आयते घेणे, एवढेच त्याच्या हाती उरते. आयत्या टिपणांचा बाजार आळसापेक्षा या भीतीवर अधिक चालतो. यावर माझी सूचना साधी आहे, आणि इंग्रजीच्या कैवाऱ्यांना ती मागासलेली वाटेल. पारिभाषिक संज्ञा जशी परीक्षेत लिहावयाची तशी इंग्रजीतच ठेवावी. परंतु तिच्याभोवतीचे टिपण, म्हणजे हे असे का होते, कशामुळे होते, कोठे पाहिले, हे सारे बेधडक मराठीत लिहावे. मराठीत समजलेले इंग्रजीत लिहिणे हे सरावाचे काम आहे, ते दोन सत्रांत साधते. इंग्रजीत न समजलेले इंग्रजीत लिहिणे मात्र कोणालाच साधत नाही. म्हाइंभट संस्कृतज्ञ होते. संस्कृतात लिहिले असते तर पंडितांत मान मिळाला असता. त्यांनी जे मराठीत ऐकले ते मराठीतच लिहिले.

एवढे सगळे सांगून झाल्यावरही, विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला तर माझ्यापाशी प्रामाणिक उत्तर नाही. ‘सर, परीक्षेत जर तेच उतरवून दिलेले उत्तर अपेक्षित असेल, तर मी समासात कांद्याचा विचार कशाला करू?’ जोवर प्रश्नपत्रिका मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या नकलेबरहुकूम निघतात, आणि जोवर गाईडातील वाक्य जसेच्या तसे लिहिणाऱ्याला स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्यापेक्षा चार गुण अधिक पडतात, तोवर आयते टिपण विकत घेणारा विद्यार्थी व्यवहारचतुर आहे आणि आमचा उपदेश अव्यवहारी. दोष प्रथम आमच्या पिढीकडे, म्हणजे शिकविणाऱ्यांकडे आणि प्रश्न काढणाऱ्यांकडे जातो.

विद्यापीठाची मुख्य परीक्षा एका महाविद्यालयाच्या हातची नाही, हे मान्य. परंतु अंतर्गत मूल्यमापनाचे गुण महाविद्यालयांच्याच अखत्यारीत आहेत, आणि आजमितीस ते बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या प्रकल्पाची नक्कल पुठ्ठ्यात बांधून सादर करण्यात खर्ची पडतात. तेव्हा जिल्ह्यातील प्राध्यापकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती एवढीच आहे की, येत्या सत्रापासून सांगून उतरवून देण्याची प्रथा बंद करावी; तासाची शेवटची पाच मिनिटे वह्या मिटवून आज काय कळले ते विद्यार्थ्यांना आठवून लिहू द्यावे; अंतर्गत गुणांपैकी काही गुण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या टिपणवहीला ठेवावेत; आणि महिन्यातून एकदा दहा वह्या घरी नेऊन, उजवीकडचे सोडून, केवळ डावीकडचा समास वाचावा.